पांढऱ्या कार्डाची खुशाली

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येणार नाही. टेबलाखाली वाकून वाकून कंबर धरली आहे आणि बायकोने मला खाली पडलेली टाचणीसुद्धा उचलायची बंदी केली आहे. तेव्हा कागदावरचा हा नमस्कार आठही अंगांनी घातला आहे असं समजून घे.) आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत औषध घालतेस, की बाटली फ्रिजमध्ये नुसती गार होत पडली आहे? जिन्याला कठडा बसवून घेतलास का? सुतार येतो म्हणतो आणि येत नाही, ही सबब मला सांगू नकोस. मीही कारागीर माणूस आहे आणि 'उद्या नक्की येतो' याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. तो आला की त्याला आतून कडी लावून कोंड आणि काम संपल्यावरच बाहेर सोड.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्र कशाला लिहितोय. आत्या, फोनवर तू मला तीन वाक्यं बोलू देतेस आणि चौथ्याला 'मुद्द्यावर ये' म्हणतेस. ड्रायव्हिंग स्कूल बंद करून वर्षं लोटली, तरी समोरचा माणूस शिकाऊ आहे आणि आपला पाय दुसऱ्या ब्रेकवर असलाच पाहिजे, ही तुझी सवय काही गेली नाही. पत्रात तुझा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही, म्हणून पत्र. आता निवांत बस, चष्मा शोध (कपाळावर असेल) आणि मी वळेन तिकडे वळत ये.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. तू पाठवलेलं ग्राफिक्स कार्ड सुखरूप पोचलं, आमच्या संगणकात बसलं आणि पळतंय. (ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातली ती विटेएवढी पंखेवाली वस्तू, जी गेममधले रस्ते, डोंगर आणि पाऊस रंगवून पडद्यावर पाठवते. तुला हे सांगायला नको, पण पाकिटात घालण्याआधी हे पत्र बायको वाचणार आहे आणि तिच्या मते तो नुसता महागडा पंखा आहे.) पार्सल यायच्या आधीचा तुझा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. शेजारीण लेकीकडे कायमची राहायला गेली, आता मी कुणाबरोबर खेळू, कार्ड पाठवलंय, वापरणार असशील तर बसव, नुसतं पडून राहणार असेल तर परत पाठव. एवढं बोलून तू फोन ठेवलास. मी तेव्हा दुकानात एका सोफ्याचं पोट उघडून बसलो होतो. सुई हातातच राहिली. तू उभा जन्म दुसऱ्यांना गाडी शिकवण्यात घालवलास, स्वतःला मनासारखी चालवायला मिळाली ती म्हातारपणी त्या मालट्रकच्या गेममध्ये, आणि आता तीही सोडून दिलीस, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या घरी तू येत नाहीस. (का येत नाहीस ते पुढे येईलच.) अशात तुझं कार्डही परत पाठवायचं म्हणजे आपल्या दोन घरांमधली उरलीसुरली वायर उपटून टाकायची. तेव्हाच मनाशी ठरवलं, की काही झालं तरी हे कार्ड आपल्या संगणकात बसणार.

अडचण एवढीच होती, की त्याच आठवड्यात सासरेबुवांनी स्वतः बाजारात जाऊन एक नवंकोरं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात, हे तुला माहीत आहे. आले तेव्हा सुरुवातीला ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि खालून जाणाऱ्या बसगाड्या बघत. सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेला माणूस. खालची बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली, की इथे गॅलरीत त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. जेवण झालं का? हो. बरं वाटतंय का? हो. त्यापलीकडे बोलणं नाही. बायको वडिलांकडे बघून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मग एका दुपारी मी त्यांना माझ्या संगणकावर तो ट्रकचा गेम लावून दिला, आणि आत्या, घरात माणूस परत आला. आता ते जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट-पँट घालतात, पट्टा बांधतात, बूट चढवतात आणि ट्रक चालवायला बसतात. (पायजम्यात स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा नियम आहे.) रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतात. संध्याकाळी मी दुकानातून आलो, की आज कुठला माल कुठे पोचवला आणि घाटात कोण कसा मूर्खासारखा आडवा आला, हे मला समोर बसवून सांगतात आणि माझा चहा गार होतो. फक्त आमच्या संगणकातलं जुनं कार्ड थकलं होतं. डोंगर उशिरा उगवायचे, झाडं वळण संपल्यावर यायची. समोरची काच पुसल्याशिवाय गाडी बाहेर काढणारा तो माणूस नव्हे, म्हणून त्यांनी गुपचूप नवं आणलं. काळं, साधं, दिवे-बिवे नसलेलं.

आता त्या धरणाच्या सहलीचा विषय काढावा लागतो. बायको म्हणते काढू नको, पण तो काढल्याशिवाय पुढचं सगळं बिनबुडाचं वाटेल. गाडी तुझी, चालवत तू, शेजारी सासरेबुवा, मागे आम्ही दोघं आणि जेवणाचे डबे. चढ लागला, इंजिन जरासं कण्हलं आणि सासरेबुवांच्या तोंडून निघून गेलं, 'आता तिसरा टाका.' अर्ध्या गावाला गिअर टाकायला शिकवलेल्या बाईला! तू गाडी कडेला घेतलीस (इंडिकेटर देऊन, हे मी ऐकणाऱ्याला आवर्जून सांगतो), हँडब्रेक ओढलास, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवलीस आणि मागे येऊन आमच्या दोघांच्या मधे बसलीस. ते मुकाट्याने स्टिअरिंगमागे सरकले, गाडी सुरू केली, आणि ती जागची हलते न हलते तोच तू मागून म्हणालीस, 'आरसा बघा.' ज्याने उभ्या नोकरीत आरसा बघितल्याशिवाय चाक हलवलं नाही, त्या माणसाला! त्यानंतरचा सगळा रस्ता आणि धरणही आम्ही खाली मान घालूनच पाहिलं. (डबे मात्र तुम्ही दोघांनी मिळून संपवलेत, आमच्या वाट्याला झाकणं आली, हे मी विसरलेलो नाही.) तेव्हापासून ते ज्या घरात आहेत तिथे तू पाऊल टाकत नाहीस, आणि इथे तुझं नाव निघालं, की ते आधीच वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडतात.

तर टेबलावर दोन कार्डं. त्यांचं काळं, तुझं पांढरं, तीन पंख्यांचं, दिव्यांनी मढवलेलं. कंपन्या वेगळ्या, आकार वेगळे आणि मालकांचं हे असं. एकच बसवायचं म्हटलं तर कुणाचं? त्यांचं काढावं, तर राहायचं त्यांच्याबरोबर एका घरात. तुझं परत पाठवावं, तर तू पुन्हा माझा फोनही घ्यायची नाहीस. विचार करता करता मी दुकानात एका खुर्चीचं कापड उलट्या बाजूने ठोकून मोकळा झालो. शेवटी निकाल सासरेबुवांनीच दिला. दोन्ही बसव, म्हणाले. माझ्यामुळे त्यांची वस्तू परत गेली, असं उद्या कुणी म्हणायला नको. शिवाय एका गाडीला दोन इंजिनं लावली तर ती चढाला कशी जाईल बघ, हेही वर जोडलं. मला ते मनापासून पटलं. सोफा एकट्याने उचलला तर पाठीतून कळ येते आणि दोघांनी उचलला तर गप्पा मारत जिना चढता येतो, हा माझ्या धंद्यातला रोजचा अनुभव. कार्डांचंही तसंच असणार, यात मला शंका घेण्यासारखं काही दिसेना.

तरी खात्री असावी म्हणून संगणकाच्या दुकानदाराला विचारलं. त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी तो हेच म्हणतो, आणि ते खरंच होतं की नाही हे बघायला थांबत नाही. वेगळ्या कंपन्यांची दोन कार्डं संगणकाच्या एका पेटीत चालतील का? होऊन जाईल. मापात बसतील? होऊन जाईल. बसवायला तो जातीने आला. पेटी उघडली, तुझं कार्ड आडवं धरून पाहिलं, उभं धरून पाहिलं, आणि मग त्याला एकदम आठवलं की दुकान उघडं टाकून आलोय. पुढचं मी आणि सासरेबुवांनी केलं. दोन्ही कार्डं बसली, पण अशी दाटीवाटीने, की पेटीचं झाकण लागेना. झाकणाच्या जागी मी सोफ्याच्या तळाला लावतो ते काळं जाळीचं कापड ताणून बसवलं, चारी बाजूंनी पट्टी मारून. हवा जाते, धूळ जात नाही, आणि दिसतं असं देखणं, की मूळ झाकण आता माळ्यावरच राहणार. पण तुझं कार्ड वजनाने भक्कम. एका कडेला अडकवलेलं, दुसरी कड मोकळी, त्यामुळे ते खाली झुकायला लागलं. आमच्या घरची फिजिओथेरपिस्ट, म्हणजे बायको, लांबूनच म्हणाली, की याला आधार द्या, नाहीतर हे कायमचं वाकेल. आधार म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी फोमची एक छोटी उशी शिवली, वरून रेक्झिन, कडेने पायपिंग, आणि ती कार्डाखाली सरकवली. आत्या, उशी इतकी सुरेख झाली होती, की ती जाळीमागे कुणाला दिसणार नाही याची मला हळहळ वाटली.

दिसली नाही, पण तिचा वास सगळ्यांना आला. सासरेबुवा सिमेंटची पोती घेऊन घाट चढत होते, पेटीतली गरम हवा नेमकी उशीवर जात होती, रेक्झिन आधी मऊ पडलं आणि मग धुरायला लागलं. बायको पेशंटचा हात हवेत सोडून धावत आली आणि ओरडली, बाबा, धूर! आता सासरेबुवांनी काय करावं? त्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले आणि मग खुर्चीतून उठून टेबलाखाली वाकले. पेटी बंद करणं हे त्यांच्या हिशेबी नंतरचं काम. भर घाटात गाडी सोडून उतरायचं नसतं. कार्ड वाचलं, उशी गेली. आता तिथे मी एका जुन्या सोफ्याचा कातीव लाकडी पाय कापून उभा केला आहे. त्यावर तुझं कार्ड अशा थाटात बसलं आहे, की आमच्या घरातल्या कुठल्याही माणसाला एवढी चांगली बैठक नाही.

हे झालं पेटी सुरू झाल्यानंतरचं. ती सुरू कशी झाली, हे सांगायचं राहूनच गेलं. (तुझा पाय ब्रेक शोधत असेल. शोधू दे.) दोन कार्डांना पुरेल एवढा दम आमच्या पेटीच्या पॉवर सप्लायमध्ये नव्हता आणि घराच्या वायरिंगमध्ये तर त्याहून नव्हता. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा तुझ्या कार्डाचे दिवे लागले, मी आणि सासरेबुवा एकमेकांकडे बघून हसलो, आणि घरातली यच्चयावत वीज गेली. पुढच्या खोलीत बायकोचे एक मानेचे पेशंट ओढ देण्याच्या यंत्रात मान अडकवून बसले होते. यंत्र अर्ध्या ओढीवर थांबलं. ते गृहस्थ हनुवटी छताकडे करून शांतपणे विचारत होते, की हा उपचाराचाच भाग आहे का. बायकोने हो म्हणून सांगितलं. (त्यांना एवढं बरं वाटलं, की पुढच्या खेपेला वीज घालवायला विसरू नका म्हणाले.) मग मोठा पॉवर सप्लाय आणला, वायरमन येऊन वायर बदलून गेला, आणि त्यानंतर सुरू झाली प्रोग्रामांची भांडणं. एका कंपनीचा प्रोग्राम टाकला की दुसऱ्या कंपनीचं कार्ड रुसायचं, तिचा टाकला की पडदा काळा. (या प्रोग्रामांनाही ड्रायव्हरच म्हणतात. एका गाडीत दोन ड्रायव्हर बसले की काय होतं, हे मी धरणाच्या रस्त्यावर पाहिलेलं असल्यामुळे धीर सोडला नाही.) सासरेबुवा त्या काळ्या पडद्यासमोर बूट घालून, पट्टा बांधून, डेपोत गाडी दुरुस्त होण्याची वाट बघावी तसे बसून राहायचे. माझ्या नाकी नऊ आले, पण त्यांनी एकदाही 'राहू दे' म्हटलं नाही.

आणि मग एका दुपारी सगळं जमलं. पडद्यावर दोन्ही कार्डांची नावं एकाखाली एक आली, सगळे पंखे फिरू लागले, जाळीच्या कापडामागून तुझं कार्ड निळं-जांभळं उजळलं, आणि डोंगर अगदी वेळेवर, हजेरी द्यायला आल्यासारखे उभे राहिले. सासरेबुवांनी पाऊस पडत असताना घाट उतरून दाखवला, वायपरची काडीन् काडी दिसत होती. बायको आता दोन पेशंटांच्या मधल्या वेळात दाराला टेकून बघत उभी राहते आणि बाबा, हळू, असं म्हणते. ते हळूच चालवत असतात. मी दुकान जरा लवकर बंद करून येतो, जुन्या स्टुलावर बसतो, खिडकीतून ऊन येत असतं, पेटी गुणगुणत असते, आणि मला वाटतं, माणसाला आणखी काय हवं असतं? तुझा फोन आला तेव्हा आम्ही असेच बसलो होतो. माझं चालतंय का, तू विचारलंस. मी म्हटलं, पळतंय. तू 'बरं' म्हणालीस आणि ठेवलास, पण त्या एका शब्दात तुझा आवाज सैल झालेला मला कळला. तेव्हा परत पाठवायचा प्रश्न मिटला.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या घरात तुझ्याशिवाय कुणी नसल्यामुळे मोठ्यांसाठीचा नमस्कार आणि लहानांसाठीचा आशीर्वाद, दोन्ही तूच ठेवून घे.

तुझा,
अजूनही शिकाऊ,
भाचा

ता. क. : बायकोने पत्र वाचलं आणि 'पळतंय' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून परत दिलं. तेव्हा खुलासा करतो. तुझ्या कार्डाचे पंखे पळतात. दिवे लागतात. याउपर ते काहीही करत नाही. दोन वेगवेगळ्या कार्डांनी मिळून एक गेम ओढायचा, असं काही होत नसतं. गेम एकालाच हाताशी धरतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सोफ्याचा अनुभव इथे कामाचा नाही. हे ना मला कळलं होतं, ना 'होऊन जाईल'ला. कळलं सासरेबुवांना. लांबचा पल्ला संपला, की ते जाळीच्या कापडाची एक कड सोडवून पेटीत उलटा हात लावून बघतात, पूर्वी बसच्या चाकांना लावायचे तसा. काळं कार्ड कढत होतं आणि तुझं गार. पुन्हा एक फेरी मारून आले, पुन्हा हात लावला. गारच. मी म्हटलं, असू द्या बाबा, शोभा येतेय, आत्याला काय कळणार आहे. ते माझ्यावर कधी नव्हे ते तडकले. म्हणाले, 'कामाची वस्तू आहे ती. दिवे लावून नुसती बसवून ठेवायची नाही. नुसतं बसून राहणं काय असतं, ते मला विचार.' मग बूट काढले आणि कितीतरी महिन्यांनी गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आत्या.

ता. क. दुसरा : आता हे सगळं पुराण कशासाठी लिहिलं ते. दुसऱ्या दिवशी सासरेबुवा 'होऊन जाईल'च्या दुकानात गेले आणि काउंटरसमोर स्टूल ओढून बसले. कसं होणार ते सांगितल्याशिवाय उठणार नाही, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला शोध घ्यावा लागला. तर असं निघालं, की एकाच संगणकाचे दोन वाटे पाडता येतात. दोन पडदे, दोन कीबोर्ड, दोन स्टिअरिंगं, एका वाट्याला काळं कार्ड आणि दुसऱ्याला पांढरं. तुझ्या स्कूलच्या गाडीत दोघांच्या पायांखाली वेगळे पेडल असायचे, त्यातलाच प्रकार. दोन माणसं शेजारी शेजारी बसून, आपापला ट्रक घेऊन, एकाच रस्त्याने जाऊ शकतात. आणि हे खरंच झालं. तुझ्या बाजूला आधी बायको बसली. तिने पहिल्याच वळणाला ट्रक कालव्यात घातला. मग मी बसलो आणि मालासकट टोलनाक्यात घुसलो. पण तेवढ्यात तुझं कार्ड तापलं! सासरेबुवांनी उलटा हात लावला आणि 'तापलं' म्हणाले, ताप उतरल्यावर आई ज्या आवाजात बोलते त्या आवाजात. पण आम्हा दोघांच्या हातांनी ते रोज तापायचं नाही, आणि कालवाही किती ट्रक घेईल? त्याला चालवणारं माणूस हवं. तेव्हा कार्ड मी परत पाठवत नाही. नुसतं पडून राहणार असेल तर परत पाठव, असं तू म्हणाली होतीस. पडून राहू द्यायचं नसेल तर तूच ये. तुझ्यासाठी खुर्ची शिवून ठेवली आहे, निळ्या कापडाची, तुझा गुडघा दुमडणार नाही अशा उंचीची. उंची बायकोने ठरवली आहे, कापड मी. दोन दिवसांसाठी येऊन धावपळ करू नकोस. राहायला ये.

ता. क. तिसरा, सासरेबुवांच्या हातचा : विहीणबाईंस नमस्कार. आपलं कार्ड उत्तम आहे. ते गार पडलेलं मला बघवत नाही. दुसरं स्टिअरिंग आणलं आहे, गिअरच्या दांड्यासकट. गिअर आपल्या मनाने टाका. आरसा मी बघतो.

ता. क. चौथा : पाकीट चिकटवताना सासरेबुवांनी मला हळूच विचारलं, त्या चढाला तिसराच लागतो, हे लिहिलंस का? मी म्हटलं, नाही लिहिलं. बरं केलंस, म्हणाले, त्या आल्या की मीच सांगेन. आणि बूट पॉलिश करायला बसले.